म्हातारी हलते का?

११ फेब्रुवारी

आजही ढग. सकाळी दुर्बीणवाल्याचा फोन — काल घुमट उघडलाच नाही. म्हणजे पाचवं माप आजही नाही. आठवडा झाला! मी "ठीक आहे" म्हटलं, फोन ठेवला आणि टेबलाच्या पायाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

घरी आले. बाबांनी ऑक्सिजनची नळी नाकापासून जरा बाजूला केली आणि रोजचा प्रश्न विचारला. "हलते का?" ढग होते, म्हटलं. त्यांनी नळी परत लावून डोळे मिटले. आई दारातूनच म्हणाली, माझी सवत आजही फिरकली नाही वाटतं. एकतीस वर्षं ती त्या ताऱ्याला सवत म्हणते. बाबा म्हातारी म्हणतात. कागदोपत्री चौदा आकडी नंबर आहे, तो घरात फक्त आम्हा दोघांना पाठ.

डॉक्टर काल जिन्यात गाठून म्हणाले, महिने मोजू नका, आठवडे मोजा. जिन्यात का सांगतात ही माणसं? धरायला कठडा असतो म्हणून?

१२ फेब्रुवारी

ढग.

१४ फेब्रुवारी

आज दिवसाच्या नर्सने विचारलंच. दोन आठवडे ती ऐकतेय — हलते का, हलते का. तिला वाटलं होतं बाबांची दाढ! बाबा इतके हसले की नळी निसटली, आणि ओरडा मला बसला.

मग ते तिला समजावून सांगायला लागले. दोन वाक्यांत दम लागला, उरलेलं मी सांगितलं. सुरुवातीला विश्वात दोनच वायू होते, हायड्रोजन आणि हेलियम, आणि चिमूटभर लिथियम. कार्बन नाही, लोखंड नाही, काही नाही. पहिले तारे त्यातूनच झाले. राक्षसी मोठे आणि अल्पायुषी. त्यांनी जड मूलद्रव्यं पोटात शिजवली आणि शेवटी फुटले, म्हणजे सुपरनोव्हा. पोटातलं सगळं आसपासच्या ढगांत सांडलं. त्या मळलेल्या ढगांतून पुढचे तारे, ते फुटले की ढग आणखी मळले, असं करत करत सूर्यापर्यंत. तुझ्या रक्तातलं लोखंडही असंच कुठून तरी आलंय, म्हटल्यावर तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

दुसऱ्या पिढीतले काही लहान तारे मात्र अजून आहेत. लहान तारा जपून जळतो, लवकर मरत नाही. त्याच्या अंगावरचे डाग त्याचे स्वतःचे नसतात, ज्या ढगात जन्मला त्या ढगाचे असतात. म्हातारी त्यातली. सूर्यात जितकं लोखंड, त्याचा लाखावा हिस्साही तिच्यात नाही. त्या मानाने कार्बन मात्र उदंड. बाबांचं म्हणणं असं की तिला पूर्वज एकच. एकच सुपरनोव्हा, आणि तोही मरगळलेला. स्फोट इतका अशक्त की गाभ्यातलं लोखंड परत आतच कोसळलं, वरवरचा कार्बन तेवढा बाहेर पडला.

नर्स म्हणाली, "म्हणजे दूध उतू गेल्यासारखं. साय बाहेर, आणि तळाला लागलेलं भांड्यातच."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले की तीन पुस्तकं लिहिली, हे एक वाक्य काही सुचलं नाही. दिवसभर खुशीत होते. असा दिवस पुन्हा येईल असं वाटत नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

१५ फेब्रुवारी

नर्सचा पुढचा प्रश्न — मग हलण्याचा काय संबंध?

तो संबंध वकीलसाहेबांनी आणला. ते वकील नाहीत, आमच्याच धंद्यातले. दुसऱ्या देशात असतात, बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, आणि प्रत्येक सभेत उलटतपासणी घेतल्यासारखे बोलतात म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. त्यांचं म्हणणं असं की म्हातारीला एक जोडीदार होता. तो उतारवयात फुगला, स्वतःचा कार्बन त्याने तिच्या अंगावर ओतला आणि विझून गेला. आता निखाऱ्याएवढा उरलाय, दिसत नाही. तसं असेल तर तिचा कार्बन जन्माचा नव्हे, आणि बाबांनी त्या मरगळलेल्या सुपरनोव्हाची गोष्ट आयुष्यभर उगाचच सांगितली. असा फुगलेला तारा कार्बनबरोबर बेरियमही ओततो, म्हणजे जोडीदार असता तर तिच्यात बेरियमही दिसलं असतं, पण बेरियमची रेघ जिथे हवी तिथे आमच्या वर्णपटात इतकी खरखर आहे की बघणाऱ्याने आपापल्या सोयीने बघावं.

उरतो एकच पुरावा. विझलेला जोडीदार दिसत नसला तरी ओढतो. दोघं एकमेकांभोवती फिरत असतील तर म्हातारीची चाल, म्हणजे ती आपल्याकडे येते की लांब जाते तो वेग, कमी-जास्त होईल आणि वर्णपटातल्या रेघा तेवढ्या सरकतील. म्हणजे ती हलेल. एकटी असेल तर नाही हलणार.

हलत नसेल तर बाबा बरोबर. हलत असेल तर वकीलसाहेब. जुन्या यंत्राची चूकभूलच सेकंदाला पाच-सहा किलोमीटरची, त्यावरून काही ठरत नव्हतं. नवीन यंत्र अर्धा किलोमीटरही सोडत नाही. तीन वर्षांत त्याच्यावर चार मापं झाली. पाचवं अडलंय.

१८ फेब्रुवारी

आईशी भांडण. ती म्हणते, चार आहेत ना, चारावरूनच सांग त्यांना. मी नाही म्हटलं. पाच होईपर्यंत चाल काढायची नाही, हा बाबांचाच नियम. अर्धवट उत्तर एकदा पाहिलं की डोळा त्याचीच बाजू घेतो, मग पाचवं माप आपण घेत नाही, मागून घेतो. म्हणून चारही मापं कपाटात तशीच पडून आहेत, उघडलेली नाहीत. आई म्हणाली, तुम्ही दोघं बापलेक नियम कवटाळून बसा, तो माणूस चाललाय. खरं आहे. पण बाबांना विचारलं तर तेही नाहीच म्हणतील, आणि हे तिलाही माहीत आहे. म्हणून तर ती मला बोलते.

दुसरा नियम त्याहून जुना. आधी आपली चाल वजा करा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर पळतेय. ताऱ्याच्या जागेप्रमाणे कमी-जास्त, पण कुठलाही तारा सहा महिने आपल्याकडे येतोय असं भासतं, सहा महिने लांब जातोय असं. त्याचं काही नसतं, ते आपलं असतं. बाबांनी त्यासाठी एक तक्ता छापून घेतला होता, रकाने आखलेला, सगळ्यात वर "आपली चाल". मी अजून तोच भरते, पेनने. संस्थेतली पोरंसोरं हसतात. हसोत.

लहानपणी घरात काहीही तक्रार नेली — दादाने मारलं, बाई रागावल्या, मैत्रीण बोलत नाही — की बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "आधी आपली चाल वजा कर." मला तेव्हा ते फार लागायचं. आपली बाजू घ्यावी असं वाटायचं एकदा तरी.

२२ फेब्रुवारी

दादाचा फोन. तिकीट काढतोय म्हणाला. गेल्या महिन्यातही काढत होता.

२६ फेब्रुवारी

वाईट दिवस. फुप्फुसात पुन्हा पाणी. बसूनच झोपतात, उशांचा डोंगर करून. बोटं निळसर दिसतात. आई त्यांचे पाय चेपत होती आणि मी उगाच औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावत होते.

जाग आल्यावर म्हणाले की त्यांना एकच भीती वाटते. मरणाची नाही. उत्तर लागायच्या आत जाण्याची. "चूक ठरलो तरी चालेल गं. अधांतरी नको." मग थांबून, "आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तुला जमत नाही ते, लगेच कळतं."

मी बरं म्हटलं. शब्द दिला म्हणायचा.

२ मार्च

आभाळ मोकळं! दुर्बीणवाला म्हणतो आज नक्की.

३ मार्च

मिळालं. सकाळी फाइल आली. रेघा इतक्या स्वच्छ की बघत राहावं.

दुर्बीणवाल्याला आभार मानायला फोन केला. बडबड्या माणूस. हल्ली आम्ही सगळं तयार करूनच पाठवतो ताई, तुम्ही नुसतं वाढून घ्यायचं, म्हणाला. मी म्हटलं, मी कुणाच्या हातचं खात नाही. हसला. बाबांचं विचारलं त्याने. तीस वर्षांपूर्वी बाबांनी त्याला घुमटाची साखळी ओढायला ठेवलं होतं, आता तो तिथला प्रमुख आहे.

उद्या चाल काढायची. पाचही एकदम. बाबांना आज काही सांगितलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंय. रात्रीची दोन चमचे पेज जास्त गेली.

४ मार्च

हलते.

तीनदा केलं. संस्थेत दार लावून बसले. पाच तक्ते, पाच वर्णपट. आधी रेघांवरून आलेली चाल, मग त्या दिवसाची आपली चाल, मग उरलं ते. जुन्या मापांची सरासरी सेकंदाला एकशे बारा किलोमीटर. नवीन पाच — एकशे सतरा, एकशे सात, एकशे सतरा, एकशे आठ, एकशे सात. यंत्राची चूक अर्ध्याहून कमी. हे दहा किलोमीटरचं अंतर कुठल्याही वकिलाला पुरेल.

तिसऱ्यांदा आपली चाल पंचांगावरून नव्याने मांडली. आकडा न् आकडा तोच आला. माझी चूक सापडावी म्हणून मी इतकी कधी शोधली नव्हती.

एकतीस वर्षं. तीन पुस्तकं. आईची सवत. बाबांचं चुकलं.

स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं. बाहेर चहाच्या मशीनपाशी कुणी तरी बाबांची तब्येत विचारली. ठीक आहे म्हटलं.

५ मार्च

घरी उशिरा गेले, मुद्दाम. बाबा झोपले होते. बरं वाटलं मला. शरम वाटते लिहायला, पण वाटलं.

६ मार्च

आईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, त्यांना नको सांगू. हलत नाही म्हण. माझी शप्पथ घे हवं तर.

दादाचा फोन आलाच, आईनेच केला असणार. तो सरळ म्हणाला, "सांगून टाक ना हलत नाही म्हणून. काय जातंय तुझं? महिनाभराचा प्रश्न आहे. सुखाने जाऊ दे त्यांना." मी म्हटलं, त्यांनी खोटं सांगू नको म्हटलंय. तो म्हणाला, मरणाऱ्या माणसाचं सगळं ऐकायचं नसतं. मी म्हटलं, तू इथे येऊन बस आणि मग मला शिकव. त्याने फोन ठेवला.

माझं जरा जास्तच झालं. पण मी काही चाल-बिल वजा करणार नाही आज.

७ मार्च

दोन दिवस बाबांनी विचारलेलं नाही. एकतीस वर्षांत प्रथमच. नुसते बघतात माझ्याकडे, आणि मी खोलीत शिरले की नळी सरळ करते, चादर सरळ करते. चादर सरळच असते.

८ मार्च

सांगितलं.

दुपारी. नर्स जेवायला गेली होती. आई मुद्दाम बाहेर गच्चीवर गेली, कपडे वाळत घालायला, जे सकाळीच घालून झाले होते. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी स्वतःच नळी बाजूला केली.

"हलते ना?"

"हो, बाबा."

"किती?"

"पाच-पाच. वरखाली."

"आपली चाल वजा केलीस?"

"तीनदा."

त्यांनी मान हलवली. तीनदा म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं — तक्ते मागवले असते, उशीवर ठेवून रकाना न् रकाना तपासला असता. मला नाही विचारलं. खिडकीकडे बघत राहिले. समोरच्या इमारतीत कुणी तरी गालिचा झटकत होतं, तो होईपर्यंत बघत राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं, कारण त्यांना मग माझीच समजूत घालत बसावं लागलं असतं.

मग म्हणाले, "चला. म्हणजे एकटी नव्हती बिचारी."

आणि माझ्या हातावर हात ठेवला. गार होता. थोड्या वेळाने म्हणाले, आईला आत बोलव, किती वेळ वाळत घालणार आहे.

९ मार्च

आज बाबांनी वकीलसाहेबांना पत्र लिहवून घेतलं. एकेक वाक्य बोलायचे, मध्ये पाच मिनिटं श्वास. मी लिहीत होते. चारच ओळी. की म्हातारी हलते, माझ्या मुलीने मोजलं आहे, तिचं माप माझ्यापेक्षा चांगलं असतं. की कार्बनच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक. की भांडायला मजा आली.

ती दुसरी ओळ, माझ्या मापाबद्दलची, मी खोडू का विचारलं. नाही म्हणाले. सही स्वतः केली, ती तीन इंच तिरकी गेली. लगेच पाठव म्हणाले. मी म्हटलं, आधी शोधनिबंध होऊ दे, मग पाठवू. "तोवर मी असेन का?" संध्याकाळी पाठवलं.

एकतीस वर्षांचं भांडण चार ओळींत संपलं. मला वाटलं होतं ते खचतील. खचले नाहीत. शांत झाले, इतके शांत की मला भीती वाटली.

१२ मार्च

पेज नको म्हणाले. पाणी तेवढं घेतलं. नर्सशी बोलले थोडं. तिला म्हणाले, तुझं दुधाचं उदाहरण फुकट गेलं बघ. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. तिला कळेना हसावं की काय.

१३ मार्च

आजही काही खाल्लं नाही.

१६ मार्च

बाबा गेले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. ऑक्सिजनचं मशीन बंद करायचं कुणाला सुचलंच नाही, ते दुपारपर्यंत गुणगुणत होतं.

१७ मार्च

दादा आला. तिकीट काढलं होतं म्हणे अठराचं, ते अलीकडे घेतलं.

२५ मार्च

दादा आज परत गेला. काल आमचं झालं, जे होणारच होतं. आई आत पडली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू सांगितलंस आणि चौथ्या दिवशी त्यांनी अन्न सोडलं. आठव्या दिवशी गेले." मी म्हटलं, डॉक्टरांनी आठवडेच दिले होते. तो म्हणाला, आठवडे, दिवस नव्हते दिले.

मी उठून आईच्या खोलीचं दार लोटून घेतलं. उत्तर आता सुचतंय — की मी खरं ते सांगितलं. त्यांनी मागितलं होतं ते दिलं. माझ्या जिवाला खोटं सांगणं सोपं गेलं असतं, तरी नाही सांगितलं. रोज सकाळी उठल्यावर हेच स्वतःला बजावते आणि मग पाय खाली टाकते. दुसरं काही नाहीये माझ्याकडे धरायला.

दादा दारात मिठी मारून गेला. आम्ही दोघंही कडक झालो होतो, वाळत घातलेल्या चादरीसारखे.

१ एप्रिल

आई बाबांच्या खोलीत झोपायला लागलीय, खुर्चीत. पलंगावर नाही. मला विचारते, तिचं काय झालं पुढे? सवतीचं. म्हटलं, तिचा नवरा सापडला, तो कधीच मेलाय. आई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखीच की." आणि चष्मा पुसत बसली.

६ एप्रिल

वकीलसाहेबांचं पत्र. टाइप केलेलं नाही, हाताने, लांबलचक. बाबांची बातमी त्यांना उशिरा कळली. लिहितात, असं कबुलीपत्र आमच्या धंद्यात कुणी लिहीत नाही, माणसं चुकीसकट मरतात. त्यांनी ते चार ओळींचं पत्र वर्गात वाचून दाखवलं, सत्तर विद्यार्थ्यांसमोर. विज्ञान कसं करावं ते यातून शिका म्हणाले. काच बसवून खोलीत लावलंय. पुढे लिहितात की मला जिंकायचं होतं, पण असं नाही, समोर बसवून, चहा पीत, त्याला चिडवत.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगला माणूस आहे, आपण उगाच वकील वकील म्हणत होतो. मला बऱ्याच दिवसांनी जरा हलकं वाटलं. शोधनिबंध याच महिन्यात पाठवते. पहिलं नाव बाबांचं.

१० एप्रिल

शोधनिबंधाचं काम घरीच, बाबांच्या टेबलावर. संस्थेत बसवत नाही. कोष्टक झालं, आज आलेख काढला. वर्षाच्या आकड्यांऐवजी नुसते महिने मांडले, जागा वाचावी म्हणून.

नोव्हेंबरातली दोन मापं वर. मार्चातली तीन खाली. अगदी ओळीने.

गेला नोव्हेंबर ढगांनी खाल्ला, नाही तर तिसरंही तिथेच बसलं असतं असं वाटतं. जोडीदाराची फेरी बरोब्बर एका वर्षाची? असू शकते. पाच बिंदूंवरून काही म्हणता येत नाही. योगायोग असतात.

जेवण गेलं नाही. आईने विचारलं काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं.

११ एप्रिल

सकाळी दुर्बीणवाल्याला फोन केला. एकच प्रश्न. तो म्हणाला, "हो ताई, पृथ्वीची चाल आमच्याकडेच वजा होऊन येते. नवीन यंत्र बसवलं तेव्हापासून. म्हटलं होतं की तुम्हाला, सगळं तयार असतं." मी त्याच्यावर पुन्हा वजा केली. पाचही वेळा, तक्त्यावर, बाबांच्या शिस्तीने. आकाशाच्या त्या कोपऱ्यात आपली चाल भरतेच पाच किलोमीटर. तेवढीच हलत होती ती.

दुसरी वजाबाकी काढून टाकली. एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा.

म्हातारी हलत नाही. दादा जे खोटं सांग म्हणत होता तेच खरं होतं. पेन ठेवून बाबांना सांगायला उठले. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.